आपल्याच अंगाचा अंदाज किती खरा? वर्गात मोजायचं आहे, मदत हवी

अबोली

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या मुलांना घेऊन एक प्रकल्प करायचं मनात आहे. माणसाला स्वतःच्या शरीराचा आकार किती अचूक कळतो, हे मोजायचं. उंची-वजन दरवर्षी घेतलंच जातं, मला ते नकोय. मला मोजायचाय अंदाज. आपली कंबर केवढी आहे असं माणसाला वाटतं, टेप काय सांगते, आणि दोघांत अंतर किती.

का सुचलं ते सांगते. आमच्याकडे आरोग्य तपासणी होते तेव्हा वजनाचा आकडा मोठ्याने पुकारला जातो, कारण लिहून घेणारा खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. अख्खी रांग ऐकते. मागच्या तपासणीनंतर काही मुलींनी डबा खाणं सोडलं, आणि त्यातल्या बहुतेक अंगाने बारीकच होत्या. उलट ज्या मुलांनी खरंच वजनाकडे बघायला हवं, ती मला सांगतात, "बाई, मी बरोबर आहे." अंदाज दोन्हीकडे चुकतोय, पण उलट दिशांनी. ही चूक डोळ्यांची, मनाची, की आपल्या विचारण्याच्या पद्धतीची, हे मुलांनी स्वतः शोधावं असं मला फार वाटतं.

नेटवर बघितलं तर नऊ आकृत्यांची एक पट्टी सगळीकडे दिसते. एका टोकाला अगदी काटकुळी, दुसऱ्या टोकाला खूप जाड. ती पुढे ठेवून "यातली तू कोण?" विचारायचं. एवढ्याने भागेल का? माझ्याकडे टेप, सुतळी, खडू आणि मोबाइल एवढंच सामान आहे.

सुईदोरा

अबोलीताई, माझं डिचोलीला शिवणकामाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. शास्त्र मला ठाऊक नाही, पण लोक तोंडाने माप काय सांगतात आणि टेपवर काय येतं हे रोज बघतो.

पुरुष माणूस आला की पँटचं माप तोंडीच देतो. "चौतीस घाला." हा चौतीस लग्नाच्या आधीपासून चालत आलेला असतो. आणि तो खोटं बोलत नसतो, हे लक्षात घ्या. पोट सुटत गेलं तसा त्याचा पट्टा खाली सरकत गेला. पँट आता पोटाच्या खाली, हाडावर बसते, आणि तिथला घेर फारसा वाढतच नाही. आकडा तोच राहिला म्हणून त्याला वाटतं आपण आहोत तसेच आहोत. बेंबीजवळ टेप लावली की चाळीस येतं. मग माझ्या टेपकडे संशयाने बघतो.

बायकांचं वेगळं. त्या मापाचा ब्लाउज घेऊन येतात आणि सोबत सांगतात, "हा आता होणार नाही, दोन इंच वाढवा." टेप लावावी तर अर्धा इंच, कधी तेवढाही नाही. विशेषतः दंडाच्या बाबतीत. दंड जाड झालेत असं ज्या सांगतात त्यांतल्या कितीतरी जणींच्या बाह्या मी वाढवल्या आणि परत आत घेतल्या. हल्ली मी आत मार्जिन सोडतो, बाहेरून माप टेपप्रमाणेच ठेवतो.

तुमच्या मुलांना उपयोगी पडेल असं एक सांगतो. टेप दिसली की माणूस श्वास ओढून पोट आत घेतो, त्याच्याही नकळत. मी टेप गुंडाळून ठेवतो आणि विचारतो, "घरी बरी आहेत ना सगळी?" उत्तर देताना श्वास सुटतो. तेव्हा आकडा वाचायचा.

ताळगावचं पठार

सुईदोरा, तुमचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटना कंबर मोजायची जागा ठरवून देते: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सहज सोडल्यावर. दुकानात तुम्ही तेच करताय.

अबोलीताई, मी मानसशास्त्रात संशोधन करतो आणि शरीराच्या जाणिवेचा विषय माझ्या जवळचा आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

आधी त्या नऊ आकृत्यांबद्दल. ती पट्टी स्टंकार्ड, सोरेनसन आणि शुल्सिंगर यांच्या १९८३ च्या कामातून पसरली. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या लोकांचा अभ्यास होता, लठ्ठपणा रक्तातून येतो की घरातून हे बघायचं होतं. जन्मदात्या आईबापांना समोर आणून मोजणं शक्य नव्हतं, म्हणून चित्रं दाखवून ते कसे दिसायचे हे नोंदवलं. म्हणजे ती मुळात दुसऱ्याच्या अंगाचं वर्णन करायची सोय. पुढे लोक तीच पट्टी दाखवून दोन प्रश्न विचारू लागले: तू आत्ता कोणती, आणि तुला कोणती व्हायला आवडेल. दोन आकड्यांची वजाबाकी केली की असमाधान कळतं. अचूकपणा कळत नाही, कारण या सगळ्यात टेप कुठेच आलेली नाही. एखादी मुलगी स्वतःला अगदी बरोबर ओळखूनही दुःखी असू शकते, आणि एखादा साफ चुकीचा अंदाज बाळगून मजेत असू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर तुमचा प्रकल्प पहिल्याच दिवशी भरकटेल.

अचूकपणा मोजायची जुनी रीत स्लेड आणि रसेल यांची, १९७३ ची. अंधारी खोली, समोर आडवा दांडा, त्यावर सरकणारे दोन दिवे. "तुझ्या कमरेची रुंदी एवढी झाली की थांब म्हण." मग अंदाज भागिले प्रत्यक्ष रुंदी गुणिले १००. शंभर आलं तर अचूक, त्याच्या वर गेलं तर स्वतःला मोठं समजणं. ॲनोरेक्सियाच्या रुग्ण, म्हणजे उपाशी राहून हाडाची काडं झालेल्या मुली, स्वतःची रुंदी खूपच जास्त सांगत होत्या. आणि निर्जीव वस्तूंची मापं मात्र ठीक सांगत होत्या. त्यातून निष्कर्ष निघाला की डोळे ठीक आहेत, बिघाड स्वतःच्या शरीराच्या चित्रात आहे.

पण हाच दांडा पुढे निरोगी लोकांपुढे ठेवला तेव्हा त्यांनीही रुंदी जास्तच सांगितली. तिथून वादाला तोंड फुटलं. माझं मत असं की एकेका भागाची रुंदी सुटी करून विचारणं हाच माणसाला अवघड जाणारा प्रश्न आहे. आपण स्वतःला असे तुकड्यांत कधी बघत नाही. पूर्ण शरीराचं चित्र दाखवून विचारलं की उत्तरं बरीच सुधारतात, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

तुमच्या सामानात बसेल असं सांगतो. सुतळीने टेबलावर कमरेचा घेर करायला लावू नका. गोल वस्तूचा घेर भल्याभल्यांना कळत नाही, तो व्यासाच्या तिपटीहून जास्त असतो हे डोळ्याला पटतच नाही. शिवाय कंबर गोल नसते. समोरून दिसणारी रुंदीच विचारा. फळ्यावर एक खूण करा, दुसरा खडू मित्राने सरकवत न्यायचा, मुलाने "थांब" म्हणायचं. एकदा खडू खुणेला चिकटून सुरू करायचा आणि लांब न्यायचा, एकदा लांबून जवळ आणायचा. दोन उत्तरं वेगळी येतील. जवळून सुरू केलं की माणूस लवकर थांबवतो आणि कमी सांगतो, लांबून आणलं की जास्त. सरासरी घ्या. आणि दर वेळी एक मुकी वस्तू मधे घाला, घागर म्हणा, खुर्चीची पाठ म्हणा. जो मुलगा घागरीचीही रुंदी फुगवून सांगतो त्याची अडचण शरीराबद्दलची नाही, रुंदीबद्दलचीच आहे.

रंगपट

वाचतोय. आमच्या पेडण्याच्या बाजूला जत्रेत गावकऱ्यांचं मराठी नाटक असतं, मी त्यात बरीच वर्षं आहे. वेशभूषा ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने येते. आमचा ड्रेपरीवाला नटाला त्याचं माप कधीच विचारत नाही. फोनवर दिग्दर्शकाला विचारतो, "गेल्या साली शिवाजी झालेला त्याच्यापेक्षा यंदाचा भरलेला की सडसडीत?" मग, "संभाजी झालेल्याच्या मानाने?" असे दोन-तीन प्रश्न विचारतो आणि अंगरखे पाठवतो. बहुतेक बसतात. नटाने स्वतः आकडा सांगितलेला अंगरखा मात्र हमखास पाठीवर पिनांनी आवळावा लागतो नाहीतर काखेत उसवावा लागतो.

ताळगावचं पठार

रंगपट, तुमचा ड्रेपरीवाला करतोय तीच आज या विषयातली सर्वांत विश्वासाची पद्धत आहे. आकडा विचारायचा नाही, तुलना विचारायची. माणसाची बुद्धी आकड्यात कच्ची आणि तुलनेत पक्की असते, हे फेश्नरने १८६० मध्येच मांडून ठेवलंय.

प्रयोगात असं करतात. एकाच माणसाचा पूर्ण फोटो घ्यायचा आणि रुंदी ऐंशी टक्क्यांपासून एकशेवीस टक्क्यांपर्यंत बदलून त्याच्या बऱ्याच प्रती करायच्या. त्या उलटसुलट क्रमाने एकेक दाखवायच्या आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न: "हा तुझ्यापेक्षा जाड की बारीक?" मधलं उत्तर चालणार नाही. शेवटी कुठल्या रुंदीला उत्तरं निम्मी-निम्मी पडतात ते बघायचं. तोच त्याच्या मनातला स्वतःचा आकार.

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते आणि मला ती जास्त मोलाची वाटते. उत्तरं "बारीक"वरून "जाड"वर किती झटकन पालटतात? एका मुलाची अठ्ठ्याण्णवला सगळी बारीक आणि एकशेदोनला सगळी जाड. दुसऱ्याची नव्वदपासून एकशेदहापर्यंत गोंधळलेली. निम्म्याचा बिंदू दोघांचाही शंभरच. एका आकड्यात दोघे सारखे अचूक, पण पहिल्याला स्वतःचं शरीर नेमकं माहीत आहे आणि दुसऱ्याला ते धूसर आहे. सरासरी काढली की हा फरक पुसला जातो.

मोबाइलवर करताना दोन गोष्टी सांभाळा. फोटो आडवा ताणला की मागच्या भिंतीच्या चौकोनी फरश्या आयताकृती होतात, दरवाजा रुंद होतो, आणि मूल अंगाकडे न बघता फरशीकडे बघून उत्तर देतं. मागे कोरी चादर लावा. डोकंही ताणलं जातं, तेही गुपित फोडतं, म्हणून मानेच्या वर झाका.

सत्तरीकर

धागा चांगला आहे, पण एक मनापासून विचारतो. एवढा खटाटोप कशाला? वजनकाटा आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) आहे. आमच्या वाळपईकडे पूर्वी डोंगर चढून लोक कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायचे, आता दुचाकीवर जातात. वजन वाढलंय हे सरळ दिसतं. माणसाला काय वाटतं याला काय किंमत? काट्याने दाखवावं आणि डॉक्टरने सांगावं.

अबोली

सत्तरीकर, काट्याला माझा विरोध नाही. पण काट्यावर उभं कोण राहतं? ज्याला वाटतं आपलं काही बिघडलेलं आहे, तो. ज्याला मुळात तसं वाटतच नाही तो काट्यापर्यंत पोचतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या गोव्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत एक तृतीयांशाहून जास्त जणींचा बीएमआय पंचवीस किंवा त्याच्या वर निघालाय. त्यातल्या सगळ्यांना ते जाणवतंय असं तुम्हाला वाटतं का? आणि ज्या मुली जेवण सोडतात त्यांना काट्याने "ठीक आहे" सांगितलेलंच असतं. त्यांचा काट्यावर विश्वास बसत नाही. म्हणून वाटण्याला किंमत आहे.

ताळगावचं पठार

अबोलीताईंनी दोन्ही टोकं बरोबर पकडलीत, आणि त्यामागे एक साधं कारण सापडलंय जे फार लोकांना माहीत नाही.

अंदाज नेहमी मधल्या मापाकडे ओढला जातो. आपण आयुष्यभर आजूबाजूला जी माणसं बघतो त्यांची एक सरासरी डोक्यात बसलेली असते. स्वतःचा अंदाज बांधताना खात्री कमी पडली की मन त्या सरासरीचा आधार घेतं. जो सरासरीहून बारीक आहे तो स्वतःला आहे त्याहून जाड समजतो, जो जाड आहे तो आहे त्याहून बारीक समजतो. इंग्लंडमधल्या कॉर्नेलिसन, टोव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय. म्हणजे ताईंच्या वर्गातल्या बारीक मुली आणि "मी बरोबर आहे" म्हणणारी मुलं एकाच नियमाने चुकत असू शकतात. त्यात कुणाचा खोटेपणा नाही, आणि दर वेळी आजारही नसतो.

त्यात वेबरच्या नियमाची भर पडते. वस्तू जितकी मोठी, तितका तिच्यातला फरक कळायला मोठा लागतो. पन्नास किलोच्या माणसावर चढलेले पाच किलो लगेच डोळ्यांत भरतात, शंभर किलोच्या माणसावरचे तेच पाच किलो लपून जातात. ज्याला वाढ लवकर कळायला हवी त्यालाच ती उशिरा कळते. म्हणून अशा माणसाला "तुला दिसत नाही का?" असं विचारू नये. त्याला खरंच दिसत नाही.

सत्तरीकर, आता तुमचा मुद्दा. भारतीयांसाठी बीएमआयचा उंबरठा तेवीसवर आणला आहे आणि कंबर पुरुषांची नव्वद, बायकांची ऐंशी सेंटीमीटरच्या आत असावी असं धरतात, कारण आपल्याकडे पोटावरची चरबी लवकर त्रास देते. सुईदोरांचा पोटाखाली पट्टा बांधणारा चौतीस नंबरवाला आठवा. त्याच्या हातात एक आकडा आहे, रोजचा, विश्वासाचा, आणि तो चुकीच्या जागी मोजलेला आहे.

सत्तरीकर

हे पटलं. माझे थोरले भाऊ याच धर्तीचे आहेत, दोन वर्षांमागे शुगर निघाली तोवर पँटचा नंबर बदललेला नव्हता. त्यांना आम्ही सगळे आळशी म्हणत आलो. ताई, तुमच्या प्रयोगात मुलांबरोबर पालकांनाही घ्या.

कुळागर

पालकांचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझी मुलगी नववीत आहे, रोज सेल्फी काढते आणि रोज म्हणते, "आई, माझं नाक किती मोठं आहे." मला तसं काहीच दिसत नाही. आरशात ती ठीक दिसते असंही तीच म्हणते. मग चुकतंय कोण, आरसा की मोबाइल? आणि मी आई म्हणून तिला नीट बघू शकते का?

ताळगावचं पठार

कुळागरताई, मोबाइल. हातभर अंतरावरून फोटो काढला की नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा प्रमाणाने खूपच जवळ असतं, म्हणून फुगतं. अमेरिकेत २०१८ मध्ये याचं गणित मांडून दाखवलंय: बारा इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त दिसते. मुलीला हे तिच्याच मोबाइलवर करून दाखवा. एक फोटो हाताने, एक तुम्ही पाच फुटांवरून, मग दोन्ही चेहरे सारख्या आकाराचे करून शेजारी ठेवा.

आरशाचीही एक गंमत तिला दाखवा. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरलेली असते तेव्हा त्यात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची कड बोटाने गिरवायची आणि मग ती मोजायची. बरोबर निम्मी भरते. मागे सरकून गिरवली तरी निम्मीच, कारण आरसा नेहमी आपण आणि प्रतिबिंब यांच्या मध्यावर असतो. आयुष्यभर रोज बघितलेल्या वस्तूबद्दल आपल्याला एवढंही माहीत नसतं.

तुम्ही तिला नीट बघू शकता का, हा प्रश्न फार प्रामाणिक आहे. लठ्ठपणाकडे झुकलेल्या मुलांचे जवळजवळ निम्मे पालक मुलाचं वजन कमी समजतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांची बेरीज सांगते. प्रेमाचा भाग असेलच. पण शाळेतली बाकीची मुलंही त्याच अंगाची असली की डोळ्यातली सरासरीच सरकते, हेही आहे. सतत फार बारीक शरीरं बघत राहिलं तर ती सरासरी दुसऱ्या बाजूला सरकते. प्रयोगशाळेत थोडा वेळ बारीक केलेले फोटो बघूनही लोकांना "नेहमीचं" वाटणारं शरीर बारीक होत जातं. मुलीच्या मोबाइलवर दिवसभर काय येतं ते एकदा तिच्या शेजारी बसून बघा.

मांडवीकाठ

मी समुपदेशक आहे, किशोरवयीन मुलांबरोबर काम करते. अबोलीताईंचा हेतू मला मनापासून आवडला, म्हणूनच काही गोष्टी ठामपणे सांगते.

वर्गात कुणाचाही अंदाज किंवा टेपचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये. ताणलेले फोटो तर नकोच. सोळा वर्षांच्या मुलीचा एकशेवीस टक्के रुंद केलेला फोटो मित्राच्या मोबाइलमध्ये राहिला तर त्याचं पुढे काय होईल ते मी रोज बघते. पठार यांची पद्धत प्रयोगशाळेत उत्तम आहे, तिथे लेखी संमती असते आणि फोटो पुसले जातात. अकरावीच्या वर्गात ती मी होऊ देणार नाही.

दुसरं, सगळा दोष "चुकीच्या दिसण्या"वर टाकू नका. जर्मनीत ट्यूबिंगेनला २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲनोरेक्सिया असलेल्या बायकांचं थ्रीडी स्कॅन करून त्यांचंच हुबेहूब शरीर त्यांच्यापुढे आभासी खोलीत उभं केलं आणि त्याचं वजन कमी-जास्त केलं. आपला खरा आकार त्यांनी जवळपास बरोबर ओळखला, निरोगी बायकांइतकाच. फरक होता तो "कसं असायला हवं" यात. त्यांना हवंसं वाटणारं शरीर फारच बारीक होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींतही मला हे दिसतं. "तू जाड नाहीस, आरशात बघ" असं घरचे शंभर वेळा सांगतात. आरशात तिला दिसतंच आहे. तिला जे हवंय ते बदललेलं आहे, आणि त्याबद्दल तिच्याशी कुणी बोलत नाही.

डबा न खाणाऱ्या मुलींपैकी कुणी सतत वजन घटवत असेल, पाळी थांबली असेल, चक्कर येत असेल तर प्रकल्पाची वाट बघू नका. बांबोळीला मनोचिकित्सा आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथे दाखवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो.

अबोली

मांडवीकाठ, फोटोचा बेत पूर्ण रद्द. दोन मुलींच्या घरी मी आजच संध्याकाळी जाऊन येते.

पण मग पठार, एक अडकलंय. १९७३ च्या रुग्ण स्वतःला रुंद समजत होत्या आणि २०१८ च्या बरोबर ओळखत होत्या. यातलं खरं काय? मुलं हे विचारणारच.

ताळगावचं पठार

दोन्ही, आणि हीच या विषयातली सर्वांत खोल जागा आहे. डोक्यात शरीराचा नकाशा एकच नाही. डोळ्याने ओळखायचं चित्र वेगळं आणि हालचाल करताना वापरायचं माप वेगळं.

हालचालीचं उदाहरण सांगतो. वॉरेन आणि व्हँग यांनी १९८७ मध्ये लोकांना वेगवेगळ्या रुंदीच्या फटींतून चालायला लावलं. फट खांद्यांच्या सुमारे एक पूर्णांक तीन पट होईपर्यंत लोक सरळ जातात, त्याहून अरुंद झाली की अंग तिरकं करतात. दांडगा माणूस असो की किरकोळ, पट तीच. कुणी मोजत नाही, विचारही करत नाही, तरी शरीराला आपली रुंदी माहीत असते. पुढे २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना असंच चालायला लावलं. निरोगी बायका खांद्यांहून पंचवीस टक्के रुंद फटीला तिरक्या होत होत्या, रुग्ण चाळीस टक्के रुंद फटीलाच तिरक्या व्हायला लागल्या. त्यांना सांगितलेलंही नव्हतं की खांदे बघतोय. म्हणजे चालणारं शरीर स्वतःला अजून रुंद समजत होतं.

एवढं बदलू शकतं ते कशामुळे? आपल्या अंगात लांबी-रुंदी मोजणारी कुठलीही वेगळी नस नाही. त्वचा, सांधे, डोळे यांच्याकडून येणाऱ्या खबरांवरून मेंदू आकार जुळवतो. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की ओठ सुजून लोंबतोय असं वाटतं आणि आरशात तो जागच्या जागी असतो, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. गँडेव्हिया आणि फेगन यांनी १९९९ मध्ये अंगठा बधिर करून मोजलं, अंगठा खरोखर मोठा वाटायला लागतो. खबर थांबली की नकाशा फुगतो.

एक निरुपद्रवी प्रयोग देतो, मुलांना फार आवडेल. हात टेबलाखाली उताणा नको, पालथा ठेवायचा, वर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पेन्सिलने खूण करायची: मधल्या बोटाचं टोक कुठे असेल, पेरांचे उंचवटे कुठे असतील. मग खुणा जोडायच्या. लाँगो आणि हॅगार्ड यांनी २०१० मध्ये हे केलं तेव्हा सगळ्यांचा हात खऱ्याहून रुंद आणि बोटं आखूड निघाली. हाताला कुणी जाड-बारीक म्हणून हिणवत नाही. तुम्ही हातच घ्या, ताई. अंगाच्या अंदाजाबद्दल जे शिकवायचं ते सगळं हातात आहे, आणि कुणाच्या मनाला ओरखडा नाही.

मांडवीकाठ

हात. याला माझी पूर्ण संमती.

अबोली

ठरलं तर. पहिल्या दिवशी हात आणि पुठ्ठा. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतली दोन कपाटं सरकवून फट करायची, प्रत्येकाने लांबूनच सांगायचं की सरळ जाता येईल की नाही, आणि मग जाऊन बघायचं. खांद्यांची रुंदी ज्याची त्याने भिंतीला टेकून, जोडीदाराच्या मदतीने घ्यायची आणि चिठ्ठीवर नाव न घालता गुणोत्तरच लिहायचं. रुंदी कुणाचीच पुढे येणार नाही. कंबर कुणाची मोजायची नाही. घागर आणि खुर्ची आहेतच, सगळ्यांसाठी. तिसऱ्या दिवशी हे आकडे आलेखावर मांडून मधल्या मापाकडे ओढ दिसते का ते बघू.

पालकसभेत कंबर मोजायचा स्टॉल वेगळा, पडद्याआड, ज्यांना हवं त्यांनीच यायचं. आधी तोंडी अंदाज लिहून घ्यायचा, मग टेप. आणि वजनाचा आकडा पुकारण्याबद्दल मी मुख्याध्यापकांशी बोलले. पुढच्या तपासणीपासून लिहिणारा काट्याच्या शेजारी बसेल.

सुईदोरा, पालकांच्या स्टॉलवर माप घ्यायला तुम्ही याल का? आणि आमच्या प्रयोगशाळेतली टेप कापडी आहे, जुनी. चालेल?

सुईदोरा

नक्की येतो, फक्त दिवस आधी सांगा, चतुर्थीच्या तोंडावर असेल तर जमणार नाही. तुमची टेप वापरू नका. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ताणली जाते, मग ती माप कमी दाखवते. स्टीलच्या पट्टीला लावून बघा, पहिल्या तीस सेंटीमीटरांतच फरक दिसेल, कारण सुरुवातीचाच भाग जास्त ओढला जातो. मी फायबरच्या दोन नव्या घेऊन येतो. बायकांच्या बाजूला माझी बायको बसेल, मापं तीही घेते.